एका सतरा अंकी संख्येचे गुणधर्म : द. रा. कापरेकर यांच्या अंकविचाराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मोठ्या संख्यांविषयीचे कुतूहल भारतीय परंपरेला नवे नाही. मात्र मोठी संख्या केवळ मोठी असते म्हणून गणिताला तिचे महत्त्व वाटत नाही; तिच्या अंगी एखादा नियम दिसतो आणि तो सिद्ध करता येतो, म्हणून ती महत्त्वाची ठरते. संख्येच्या अंकांमध्ये दिसणारा नियम खरा की योगायोगाचा, हा प्रश्न विसाव्या शतकात महाराष्ट्रातील एका शालेय शिक्षकाच्या संदर्भात विशेष तीव्रतेने उभा राहिला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी नाशिकजवळील देवळाली येथे अध्यापन करीत असताना संख्यांचे अनेक नवे वर्ग शोधले, त्यांना नावे दिली आणि त्यांवर पुस्तिका प्रसिद्ध केल्या. त्यांचे काम हे ‘रंजक गणित’ आहे, गंभीर गणित नव्हे, असा शेरा त्यावर वारंवार मारला गेला. या शेऱ्याचे परीक्षण करण्यासाठी प्रस्तुत लेखात १२३४५६७८९८७६५४३२१ ही एकच सतरा अंकी संख्या निवडली आहे. कापरेकरांनी सांगितलेल्या तीन वेगवेगळ्या कल्पना या एका संख्येवर तपासल्या असता त्यांच्या विचारातील सामर्थ्य आणि मर्यादा या दोहोंचा अंदाज येतो.

संख्येची ओळख आणि जुनी परंपरा

वरील संख्या १११११११११, म्हणजे १ हा अंक नऊ वेळा लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग आहे. ती डावीकडून आणि उजवीकडून सारखीच वाचली जाते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’मध्ये (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. त्या यादीनुसार ही संख्या सहज वाचता येते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि तेथून उतरत्या क्रमाने आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनाची परंपरा महाराष्ट्रात टिकून होती, याचा पुरावा चाळीसगावजवळील पाटणे येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात मिळतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे.

अंकांच्या चढउताराचे सौंदर्यही प्राचीनांच्या नजरेतून सुटलेले नव्हते. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या नवव्या शतकातील ग्रंथात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणण्याचे उदाहरण आहे. त्याचे उत्तर १२३४५६५४३२१ येते. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही संख्या म्हणजे १११११११ या सात अंकी संख्येच्या आधीची पायरी, अर्थात १११११११ ऐवजी सहा एकांची संख्या १११११११ ÷ १० घेतल्यास उरणाऱ्या पूर्णांकाचा, म्हणजे १११११ च्या पुढील १११,१११ चा वर्ग होय. उदाहरणातील दोन्ही गुणक हेही पूर्ण वर्ग आहेत : ५२९१ चा वर्ग आणि २१ चा वर्ग; आणि ५२९१ × २१ = १११,१११. माळेसारखी गुंफलेली ही संख्या अकराशे वर्षांपूर्वी उदाहरणापुरती आली. तिच्यासारख्या सर्व संख्यांचा एक वर्ग कल्पून त्याचा अभ्यास करणे हे काम विसाव्या शतकापर्यंत शिल्लक राहिले.

डोंबिवलीचे नाव लाभलेल्या संख्या

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शिक्षक होते.

जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या कल्पनेला त्यांनी त्या स्थानकाच्या नावावरून ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. ज्या संख्येच्या पहिल्या आणि शेवटच्या भागांची बेरीज केली असता मधल्या भागात पुनरावृत्त होणारा अंक मिळतो, ती डेम्लो संख्या. उदाहरणार्थ, २५५३ मध्ये २ + ३ = ५ आणि ४७७७३ मध्ये ४ + ३ = ७. या कल्पनेच्या विस्तारात १, १२१, १२३२१, १२३४३२१ या क्रमाने येणाऱ्या वर्गसंख्यांना विशेष स्थान मिळाले. के. आर. गुंजीकर आणि कापरेकर यांचा डेम्लो संख्यांच्या उपपत्तीवरील संयुक्त लेख १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या क्रमातील नववी संख्या ही प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ती नववी असण्याला कारण आहे. १ हा अंक अनेक वेळा लिहून झालेल्या संख्येला तिनेच गुणले, तर प्रत्येक स्तंभात केवळ एकांची बेरीज होते. सर्वांत लांब स्तंभ मधला असतो, आणि त्यात जितके एक तितकी बेरीज येते. नऊपर्यंत हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून अंकांची चढण आणि उतरण अबाधित राहते. दहा एकांच्या संख्येचा वर्ग केला की मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. सममिती मोडते. म्हणून सतरा अंकी संख्या ही या माळेतील शेवटची अभंग संख्या आहे.

तिचे मूळ अवयवही पाहण्याजोगे आहेत. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. त्यामुळे तिच्या वर्गात ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग एवढेच अवयव येतात, आणि तिला एकूण ५ × ३ × ३ = ४५ विभाजक आहेत.

हर्षद संख्या म्हणून परीक्षण

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. १८ ही हर्षद आहे, कारण १ + ८ = ९ ने ती भागली जाते; १९ हर्षद नाही.

सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९ असल्यामुळे ती संख्या ९ ने भागली जाते. साहजिकच तिचा वर्ग ८१ ने भागला जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे ही संख्या हर्षद आहे.

हा गुण माळेतील सर्व संख्यांना लाभलेला नाही. पहिल्या नऊ संख्यांपैकी कोणत्याही संख्येच्या अंकांची बेरीज तिच्या क्रमांकाच्या वर्गाइतकी असते. त्यामुळे ती हर्षद असण्यासाठी तितक्या एकांची संख्या त्या क्रमांकाने भागली गेली पाहिजे. ही अट केवळ १, ३ आणि ९ या क्रमांकांना पूर्ण करता येते. दोन, चार, सहा आणि आठ एकांच्या संख्या विषम असल्याने सम क्रमांकाने भागल्या जात नाहीत. पाच एकांची संख्या ५ ने भागली जात नाही. आणि सात एकांची संख्या २३९ × ४६४९ असल्याने तीही ७ ने भागली जात नाही. नऊ संख्यांतून १, १२३२१ आणि १२३४५६७८९८७६५४३२१ या तीनच हर्षद ठरतात.

स्वयंभू संख्यांच्या कसोटीवर

कापरेकरांची तिसरी कल्पना अधिक खोल आहे. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ घेतल्यास २३ + ५ = २८; म्हणून २३ ही २८ ची जनक संख्या. काही संख्यांना एकापेक्षा अधिक जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही. काही संख्यांना जनकच नसतो. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या अशा संख्या आहेत. त्यांना स्वयंभू संख्या म्हणतात; कापरेकरांच्या कर्मभूमीवरून देवळाली संख्या हे नावही त्यांना मिळाले. ही कल्पना त्यांनी १९४९ मध्ये मांडली आणि १९६३ मध्ये तिच्यावर देवळालीहून स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली.

सतरा अंकी संख्या स्वयंभू आहे काय? वरकरणी हा प्रश्न सोडवण्यास असंख्य संख्या तपासाव्या लागतील असे वाटते. प्रत्यक्षात सतरा तपासण्या पुरतात. संख्येला ९ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागल्यावरही उरते. जनक आणि त्याची अंकबेरीज मिळून होणारी संख्या ९ ने भागली जात असल्यामुळे त्या समान बाकीची दुप्पट ९ ने भागली गेली पाहिजे. म्हणजे बाकी शून्यच हवी. जनकाची अंकबेरीज ९ च्या पटीत असली पाहिजे, आणि सतरा अंकांची बेरीज १५३ पेक्षा अधिक होऊ शकत नाही. ९, १८, २७ पासून १५३ पर्यंत प्रत्येक पट वजा करून पाहिली असता केवळ एकच पट जुळते, ती म्हणजे ८१. वजाबाकी १२३४५६७८९८७६५४२४० येते आणि तिच्या अंकांची बेरीज नेमकी ८१ आहे.

म्हणजे ही संख्या स्वयंभू नाही. तिला एक आणि एकच जनक आहे. शिवाय दोन्ही संख्यांतील फरक ८१ असल्यामुळे जनकही ८१ ने भागला जातो. त्याची अंकबेरीज ८१ असल्याने तोही हर्षद ठरतो.

दशमान पद्धतीचा आक्षेप

येथे मुख्य आक्षेपाकडे वळणे आवश्यक आहे. अंकांची बेरीज, अंकांची मांडणी आणि सममिती हे गुण संख्येचे नसून ती लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. मानवाला दहा बोटांऐवजी आठ बोटे असती, तर हे सारे गुण लोप पावले असते, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे. दिसण्यातील साम्य फसवेही असते : आपल्या संख्येच्या मध्यभागी ९ नंतर १०९ हे अंक घालून १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या लिहिली, तर दिसायला ती त्याच माळेतील वाटते, पण ती मूळ संख्या आहे, ती कोणाचा वर्ग तर नाहीच, तिला अवयवही नाहीत. म्हणून आक्षेपाचे उत्तर भावनेने न देता गणितानेच दिले पाहिजे.

आठ पाया असलेल्या अष्टमान पद्धतीत सात एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा लिहिला जातो. अंकांची बेरीज ४९, म्हणजे ७ चा वर्ग आहे. अष्टमान पद्धतीत अंकबेरजेवरून ७ ची विभाज्यता कळते. सात एकांची बेरीज ७ असल्यामुळे ती संख्या ७ ने आणि तिचा वर्ग ४९ ने भागला जातो. संख्या येथेही हर्षदच राहते. हाच तर्क कोणत्याही पायाला लागू पडतो, कारण पायाहून एकाने लहान असलेला अंक सर्वत्र तेच कार्य करतो, जे दशमानात ९ करतो.

जनकाची गोष्टही तशीच आहे. दशमानात ३२१ मधून ८१ गेले की २४० उरतात. अष्टमानात ४९ हे ‘६१’ असे लिहिले जातात आणि ‘३२१’ मधून ‘६१’ वजा केल्यास तेथेही ‘२४०’ हेच अंक उरतात. ३ + २ + १ आणि २ + ४ + ० या दोन्ही बेरजा सहाच असल्यामुळे एकूण अंकबेरीज बदलत नाही, आणि वजा केलेली संख्या हीच जनकाची अंकबेरीज ठरते. पाया पाच किंवा त्याहून मोठा असेल, तर हे प्रत्येक पद्धतीत घडते. सममिती, हर्षदत्व आणि जनकाचे अस्तित्व हे या संख्येचे तीनही गुण दहा या पायाचे ऋणी नाहीत. अंक बदलतात, नियम राहतो.

६१७४ : मर्यादेचे उदाहरण

कापरेकरांचे सर्वांत प्रसिद्ध निरीक्षण या कसोटीवर वेगळे दिसते. सर्व अंक समान नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करावी आणि ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि नंतर तीच टिकते. कापरेकरांच्या जन्मवर्षापासून आरंभ केल्यास १९०५ वरून अनुक्रमे ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ असा प्रवास होतो. पूर्ण सात पायऱ्या लागतात. ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात १९५५ मध्ये त्यांनी या संख्येच्या गुणधर्मावर लेख लिहिला. ६१७४ या संख्येची ही भूमिका मात्र दशमान पद्धतीशी आणि चार या अंकसंख्येशी बांधलेली आहे. तीन अंकांसाठी ४९५ ही स्थिर संख्या मिळते. पाच अंकांसाठी एकही स्थिर संख्या नसून संख्या चक्रात फिरत राहतात. येथे व्यापक आहे ती क्रिया, विशिष्ट संख्या नव्हे.

म्हणून कापरेकरांचे सारे काम एकाच तागडीत घालणे योग्य नाही. त्यांतील काही निरीक्षणे दशमानाची वैशिष्ट्ये आहेत, तर काही कोणत्याही पायावर टिकणारे नियम आहेत. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्या याचे चांगले उदाहरण होत. २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७; ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३. हा योगायोग वाटतो; पण ९९९ = २७ × ३७ असून २९७ ही २७ च्या आणि ७०३ ही ३७ च्या पटीत आहे. डग्लस इआनुच्ची यांनी २००० मध्ये दाखवून दिले की अशा संख्या ९, ९९, ९९९ यांसारख्या संख्यांच्या परस्पर मूळ अवयवजोड्यांशी एकास एक संगतीने जोडलेल्या आहेत. चमत्कार वाटणारी गोष्ट अवयवांच्या नियमात बसली.

नावे आणि श्रेय

१९७४ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मध्ये बर्नार्दो रेकामान यांनी जनक नसलेल्या संख्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला, त्यावरून त्या संख्यांना ‘कोलंबियन संख्या’ हे नाव मिळाले. १९७७ मधील एका परिषदेत आयव्हन निव्हेन यांनी अंकबेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांचा उल्लेख केला आणि पुढे त्यांना ‘निव्हेन संख्या’ म्हटले जाऊ लागले. या दोन्ही कल्पना कापरेकरांनी आधीच मांडल्या होत्या. मात्र त्या प्रामुख्याने देवळालीहून निघालेल्या पुस्तिकांत आणि मर्यादित प्रसाराच्या नियतकालिकांत होत्या. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला एक तप उलटून गेले होते.

पुढे या कल्पनांवर रीतसर सिद्धांत उभे राहिले. उंबेर्तो झानिएर यांनी १९८२ मध्ये स्वयंभू संख्यांच्या विभागणीवर लेख प्रसिद्ध केला. कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले की लागोपाठच्या एकवीस संख्या कधीही एकाच वेळी हर्षद असू शकत नाहीत, मात्र लागोपाठच्या वीस असू शकतात. भिन्न देशांतील अभ्यासक परस्परांची माहिती नसताना त्याच व्याख्येपाशी पोहोचले, ही घटना श्रेयाच्या दृष्टीने कापरेकरांच्या तोट्याची असली, तरी त्यांच्या व्याख्यांच्या बाजूने तिची साक्ष मोलाची आहे. निव्वळ लहरीतून सुचलेली व्याख्या दुसऱ्याला स्वतंत्रपणे क्वचितच सुचते.

समारोप

एका सतरा अंकी संख्येच्या परीक्षणातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अंकांवर आधारलेला गुणधर्म तुच्छ की मौलिक, हे त्याच्या रंजकतेवरून ठरत नाही. पाया बदलून तो टिकतो काय आणि त्यामागे सिद्धता आहे काय, यावरून ठरते. दुसरी, कापरेकरांची प्रतिभा मुख्यतः व्याख्येची होती. महावीराचार्यांनी उदाहरणात ठेवलेली माळ त्यांनी वर्ग म्हणून पाहिली आणि तिला नाव दिले. अनेक सिद्धता इतरांनी दिल्या. गणिताच्या वाटचालीत दोन्ही कामे लागतात. तिसरी गोष्ट महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने अधिक निकडीची आहे. विद्यापीठीय चौकटीबाहेरचे संशोधन दुर्लक्षिले जाते, ते बहुधा चुकीचे असते म्हणून नव्हे, तर ते तपासण्याची तसदी कोणी घेत नाही म्हणून. वर केलेल्या तपासणीला बाकी, अवयव आणि स्थानिक किंमत यांपलीकडचे ज्ञान लागले नाही. पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ती करता येईल. देवळालीच्या पुस्तिका जेव्हा छापल्या जात होत्या, तेव्हाही ती करता आली असती.